चार लाडू आणि एक वाटी

माझ्या आम्रखंडाची वाटी बाजूला सारत ही म्हणाली, "मला नको, उगाच वजन वाढायचं." त्याआधी वहिनींच्या डब्यातले चार खजुराचे लाडू तिच्या पोटात गेले होते. तिनं मोजले नसतील, मी मोजले. हे मला आजही पचलेलं नाही.

मागचं सगळं सांगत बसत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो, हिचे गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. हिला जेवणानंतर गोड लागतंच. म्हणून घरातलं गोडाचं खातं माझ्याकडे आलं.

अक्षय्य तृतीयेला सगळे आमच्याकडे जेवायला होते. आम्रखंडाची तयारी आधीपासूनच सुरू होती. डबल टोन्ड दूध घेतलं, एक लिटर. त्यात स्निग्धांश दीड टक्का. म्हशीच्या दुधात तोच सहा-सात टक्के. दही लागल्याबरोबर फडक्यात बांधलं आणि चाळणीत ठेवून, वर वजन देऊन, फ्रिजमध्ये सारलं. उन्हाळ्यात बाहेर खुंटीला टांगलं की रात्रीत आंबटपणा चढतो, आणि तो मारायला साखर ओतावी लागते. सकाळी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चक्का निघाला. निवळीत कणीक भिजवली. कमी सायीचा चक्का रवाळ राहतो, म्हणून पुरणयंत्रातून काढला.

खरी मेख पुढे आहे. श्रीखंडात साखर नुसत्या गोडीसाठी नसते. ती विरघळताना चक्क्याला सैल करते, चकाकी आणते. साखर कमी केली की चक्का गोळा होऊन बसतो. ते काम मी हापूसच्या रसावर सोपवलं, अडीचशे ग्रॅम. वर साखर फक्त 30 ग्रॅम, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. मिठानं गोडी उठून येते. वाढायच्या आधी थोडा वेळ फ्रिजबाहेर ठेवलं, कारण फार गार असलं की जिभेला गोड कमी लागतं. सहा वाट्या झाल्या. वाटीला साधारण शंभर ते एकशेदहा कॅलरी. नेहमीचं श्रीखंड तेवढंच घेतलं तर आकडा अडीचशेच्या पुढे जातो.

आणि मग वहिनींनी डबा उघडला. "घ्या, बिनधास्त खा. साखरेचा कणसुद्धा नाही. खजूर, काजू, बदाम, खोबरं आणि नावाला तूप."

नावाला! डब्याच्या तळाचा कागद तुपानं आरपार दिसत होता.

कृती त्यांनीच कौतुकानं सांगितली, त्यामुळे हिशेब सोपा होता. खजूर 200 ग्रॅम, बदाम 100, काजू 100, खोबरं 50, तूप तीन मोठे चमचे. मिळून साधारण चोवीसशे कॅलरी. लाडू झाले सोळा. म्हणजे लाडवाला दीडशे. बेसनाचा लाडू एवढाच वळला तर तोही दीडशेच्या आसपासच भरतो, साखर आणि तुपासकट! पण बेसनाच्या लाडवाला माणूस घाबरून एकावर थांबतो. इथे थांबायचं कारणच उरत नाही.

मी म्हटलं, "वहिनी, एका लाडवात किती कॅलरी पडतात, बघितलंत का?"

"भाऊजी, बँक सुटली तरी हिशेब सुटत नाही वाटतं!"

सगळे हसले. ही सगळ्यांत मोठ्यानं. पुतण्यानं माझ्या वाटीत चमचा बुडवला आणि विचारलं, "काका, हे पथ्याचं आहे ना?" दीडशेचा लाडू पौष्टिक, आणि शंभराची वाटी आजाऱ्याची! थोरल्या भावाच्या बायकोपुढे मी अजून किती बोलणार?

तेव्हापासून 'साखर नाही' हे ऐकलं की मी विचारतो, मग काय आहे? साखरेच्या शंभर ग्रॅममध्ये 400 कॅलरी, गुळाच्या शंभरात 380च्या आसपास. मधाला तीनशे, खजुराला पावणेतीनशेच्या पुढे. गुळाची चव वेगळी आहे, मला ती आवडतेही. पण गूळ घातला म्हणून वजन उतरलेला माणूस मला दाखवा. पाकिटावर 'शुगर फ्री' छापायचं तर आपल्याकडच्या नियमानं शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही. घरच्या डब्याला असला नियम नसतो, आणि नसावाच म्हणा. गोडीच्या गोळ्या-पावडरी मी वापरत नाही. वजन आटोक्यात ठेवायला त्यांच्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही 2023 साली सांगितलं. त्याहून मोठं कारण म्हणजे त्यांची जिभेवर रेंगाळणारी चव. ती मला मुळीच सोसत नाही.

लाडू मात्र उत्तम होते. खजूर तुपावर नेमका परतलेला, बदाम दाताखाली येईल इतपत भरड. दोन मीही खाल्ले. बदाम-काजू काही वाईट नाहीत, आणि दुपारी चहाबरोबर बिस्किटं चावण्यापेक्षा असा एक लाडू केव्हाही बरा. एक.

हल्ली आमच्याकडे केळ्याचं आइस्क्रीम चालतं. काळी पडू लागलेली केळी चकत्या करून गोठवायची आणि थोडं दूध, चमचाभर कोको घालून मिक्सरमधून फिरवायची. आधी भुगा होतो, धीर सुटतो; फिरवत राहिलं की एकदम मऊसूत होतं. साखर लागत नाही. लगेच खावं लागतं, पुन्हा गोठवलं की दगड. हिला ते आवडतं. आकडा सांगायचा नाही, एवढीच तिची अट.

पण होळीला पुरणपोळी असते, तीत मी काही कमी करत नाही आणि कोणाला करू देत नाही. हलकी पुरणपोळी करण्यापेक्षा न केलेली बरी. हिच्या पोळीवर तुपाची धार मीच धरतो आणि तिनं 'पुरे' म्हणायची वाट बघतो. ती काही म्हणत नाही.