ओकायामा : आहार, आचार आणि आतिथ्य

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात फिरावयास जाणाऱ्या अनेकांना ते पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक आहे हे ठाऊक असते. पण ज्या बागेवरून ते घडविले, ती मूळ बाग पाहण्याचा योग थोड्यांनाच येतो. मे महिन्याच्या अखेरीस पुण्यातील एका शाळेचे काही विद्यार्थी संस्कृती आणि आरोग्यपूर्ण जीवनशैली यांचा परिचय करून घेण्यासाठी दहा दिवस जपानमधील ओकायामा शहरी गेले, तेव्हा त्यांना तो लाभला. त्यांत नववीत शिकणारी एक जैन मुलगी होती. तिच्या बॅगेत खाकरे, भाजलेले मुरमुरे, मुगाच्या डाळीचे सुके पदार्थ होते आणि आजीने घातलेली एक अट होती : कांदा, लसूण, कंदमूळ नाही आणि सूर्यास्तानंतर काही नाही.

असाही नदीच्या काठची कोराकुएन बाग सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये आरंभून 1700 मध्ये पूर्ण केली. जपानमधील तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते. विस्तीर्ण हिरवळ, वळणे घेत जाणारा पाण्याचा पाट, भाताचे छोटे खाचर, चहाचे मळे आणि नदीपलीकडे काळ्या भिंतींमुळे 'कावळ्याचा किल्ला' म्हणून ओळखला जाणारा ओकायामाचा किल्ला. पुण्याची मुले पहिल्या क्षणी म्हणाली, "अरे, ही तर आपलीच बाग!" आणि दुसऱ्या क्षणी गप्प झाली, कारण इतक्या माणसांत कोठे कागदाचा कपटाही पडलेला नव्हता.

मुलांची राहण्याची सोय स्थानिक कुटुंबांत केली होती. या मुलीच्या वाट्याला आलेल्या घरात पती-पत्नी, त्यांची एक कन्या आणि वृद्ध आजोबा होते. तेथील सूर्योदय पाचच्या सुमारास. साडेसहाला रेडिओवर व्यायामाचे संगीत लागे आणि आजोबा तिला घेऊन जवळच्या मैदानात जात. 1928 पासून चालत आलेला हा रेडिओवरचा सामुदायिक व्यायाम अवघ्या काही मिनिटांचा असतो. त्याला साधने लागत नाहीत, शुल्क लागत नाही. लागते ते फक्त रोज वेळेवर हजर राहणे. मैदानात बहुतेक सत्तरीच्या पुढचेच होते.

शाळेत मुलांना आणखी एक धडा मिळाला. जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा 1954 चा आणि आहारशिक्षणाचा कायदा 2005 चा. दुपारी विद्यार्थीच पांढरे झगे व मुखपट्टी घालून वर्गमित्रांना वाढतात. शिक्षकही त्यांच्यासोबत तेच अन्न घेतात. पुढे वर्ग, जिने, मार्गिका मुलेच झाडून-पुसून घेतात. पुण्याच्या मुलीने आपला डबा उघडला, सवयीने अर्धाच खाल्ला आणि झाकण लावले. शेजारच्या मुलीच्या ताटात भाताचा एक कणही उरलेला नव्हता. तिने काही म्हटले नाही, पण झाकलेल्या डब्याकडे एकदा पाहिले.

कसोटीचा प्रसंग तिसऱ्या दिवशी आला. यजमान गृहिणीने मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण काहीही न घालता मोठ्या कष्टाने स्वयंपाक केला होता. सूर्य मावळण्याआधी, साडेसहालाच सर्वांची पाने मांडली. मुलीने सूपचे दोन घोट घेतले. वास निराळा वाटला म्हणून तिने विचारले, तेव्हा कळले की ते पाणी वाळवलेल्या बोनितो माशाच्या कीसात उकळलेले होते. त्या गृहिणीच्या दृष्टीने त्यात मासा नव्हताच. कीस तर गाळून टाकला होता. मुलीने वाटी दूर सारली, ती उठली आणि खोलीत जाऊन रडली. ताटातील बाकीचे सारे अन्न तसेच राहिले.

तिने घरी फोन लावला. पुण्यात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. आजीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "नकळत घेतलंस ना? मग त्याची आलोयणा घरी आल्यावर महाराजसाहेबांकडे घेऊ. पण त्या बाईंनी दिवसभर खपून केलं आणि तू ताट टाकून उठलीस, ते तर जाणूनबुजून केलंस. त्याची क्षमा आजच मागायला हवी."

मुलगी बाहेर आली. स्वयंपाकघरात गृहिणी एकटीच भांडी आवरीत होती. तिचेही डोळे ओले होते. तोडक्या जपानी शब्दांत आणि हात जोडून मुलीने क्षमा मागितली. गृहिणीनेही वाकून तिची क्षमा मागितली. मग दोघी मोबाईलवरील भाषांतराच्या मदतीने एकेक बरणी, एकेक पुडा उघडून तासभर यादी करीत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून भात, लाल भोपळा, टोफू, काकडी आणि तिळाच्या कुटातला पालक असा साधा बेत ठरला. तो त्या घरातील सर्वांनीच घेतला.

शेवटचे दोन दिवस कोयासान पर्वतावर होते. सुमारे 800 मीटर उंचीवरील हे बौद्ध क्षेत्र कूकाई या आचार्यांनी 816 मध्ये स्थापिले. तेथील मठांत यात्रेकरूंना 'शोजिन र्योरी' हे सात्त्विक भोजन मिळते. त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य असतात. हे ऐकून मुलगी हरखली. परंतु ताटात मुळा, गाजर, अळंबी आणि समुद्री शेवाळ होते. दोन परंपरा बरीच वाट बरोबर चालतात आणि एका वळणावर वेगळ्या होतात, हे तिला त्या ताटापुढे समजले. यावेळी तिने चालत नव्हते ते जेवणाआधीच नम्रपणे परत केले आणि जे ठेवले ते पूर्ण संपविले. ओकुनोइनच्या स्मशानभूमीत, उंच वृक्षांच्या छायेत, दोन लाखांहून अधिक समाधींमध्ये तिला एक स्मारक विशेष आवडले. कीटकनाशनाचा व्यवसाय करणाऱ्यांनी आपल्या हातून मेलेल्या वाळव्यांना शांती लाभावी म्हणून ते उभारले आहे. ती तेथे बराच वेळ थांबली. हिंसा थांबत नसेल, तर निदान तिचे स्मरण ठेवावे, असे त्यांना वाटले असावे.

ओकायामाला परतल्यावर निरोपाच्या सायंकाळी तिने भात संपविला, वाटीत थोडे गरम पाणी घेतले, बोटाने कडा धुतल्या आणि ते पाणी पिऊन टाकले. पुण्यात आजी रोज थाळी धुऊन पीत असे, तेव्हा मैत्रिणींसमोर हिला लाज वाटत असे. आजोबा पाहत होते. त्यांनी किटली पुढे ओढली, आपल्या भाताच्या वाटीत चहा ओतला, ती वाटी फिरविली आणि पिऊन खाली ठेवली. सून आश्चर्याने म्हणाली, "बाबा पूर्वी रोज असं करीत; आम्हीच त्यांना नको म्हणत होतो."