अकरा तारखेचं दूध

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या संकलनाच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दूध घातलं की माप, फॅट आणि वेळ यांची एक ओळ डेटाबेसात पडायची. बिलाचा प्रोग्राम दुसऱ्याचा. त्याला वेळ मजकुराच्या रूपात हवी होती, आयएसओ ८६०१ प्रमाणे. आधी वर्ष, मग महिना, दिवस, मध्ये 'टी' हे अक्षर, पुढे तास, मिनिटं, सेकंद. १९८८ सालचं हे मानक मला मनापासून आवडतं. असा मजकूर नुसता अक्षरांप्रमाणे लावला तरी काळाचाच क्रम लागतो.

टू-चार फंक्शन वापरून मी ओळ लिहिली, माझ्याच संगणकावर चालवली आणि यादी सचिवांना पाठवली. ऑगस्ट महिना होता. त्यांचा फोन आला, "साहेब, पाच वाजून आठ, सहा वाजून आठ, सात वाजून आठ... सगळी आठ मिनिटांवरच येत्यात काय?"

मिनिटांच्या जागी मी एमएम लिहिलं होतं. टू-चारच्या लेखी एमएम म्हणजे महिना. मिनिटाला एमआय लागतं. ०८ हे मिनिटही चालण्यासारखं, त्यामुळे कुठे त्रुटी दिसली नाही. तासाला मात्र एचएच२४ होतं. नुसतं एचएच असतं तर बारा तासांचं घड्याळ धरून संध्याकाळी सहाचं दूध सकाळी सहाचं झालं असतं.

दुरुस्ती करून कोड सर्व्हरवर चढवला. सप्टेंबरचं अकरा ते वीस तारखेचं बिल निघालं तेव्हा मी संस्थेतच होतो. एक मावशी आल्या, टेबलावर कार्ड ठेवलं. "धा सकाळी दूध घातलंय. हितं नऊच हाईत."

कार्डावर अकरा तारीख होती, बिलात नव्हती. आणखी काहींचीही तीच गत, पण सगळ्यांची नाही. ज्यांचं दूध साडेपाचच्या आत आलं होतं, नेमकी त्यांचीच सकाळ गळलेली. साडेपाच हा आकडा समोर आला आणि मला घाम फुटला.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. टू-चार ज्या जोडणीतून चालतं तिच्याच टाइमझोनमध्ये वेळ छापतं. मावशींचं पाच वाजून बारा मिनिटांचं दूध तिथे दहा तारखेच्या रात्री ११:४२ चं ठरलं. एक ते दहा तारखेचं बिल दहाच्या रात्रीच बंद झालेलं. नव्या बिलात दहा तारखेला जागा नाही. म्हणजे ते दूध कुठल्याच बिलात आलं नव्हतं.

त्याच दुपारी मी 'ॲट टाइम झोन' लिहून वेळ आधी आशिया/कोलकातामध्ये आणली, मग मजकूर केला आणि शेवटी +०५:३० जोडलं. उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवणाऱ्या देशात तो आकडा असा हाताने लिहिणं चुकीचं ठरेल; आपल्याकडे तो बदलत नाही.

मग यूटीसीप्रमाणे सायंकाळी साडेसहा ते मध्यरात्र या वेळेतल्या सगळ्या नोंदी काढल्या आणि सचिवांबरोबर एकेका कार्डाशी ताडून पाहिल्या. पैसे पुढच्या बिलात जमा झाले. मावशींच्या कार्डावर अकरा तारखेसमोर सचिवांनी लाल पेनाने लिहिलं, 'मिळाले'.