बहात्तरावा हिस्सा

चंद्रपुरात राहून विमानाचं मॉडेल रंगवायचं म्हणजे आधी धुळीशी भांडण आलं. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी; सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं. आता हिशेब करा. माझं मिग-२१ बहात्तरास एक या प्रमाणातलं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर दहा सेंटिमीटरला जरा कमी. ओल्या रंगावर अर्ध्या मिलिमीटरचा कण येऊन बसला, तर खऱ्या पंखावर तो साडेतीन सेंटिमीटरचा खडा झाला! म्हणून रंगाचा हात मारला की लगेच वर डबा पालथा घालायचा. पूर्वी बांबूचं टोपलं घालायचो, पण राख त्याच्या फटींतूनही वाट काढायची.

माझं पहिलं विमान रंगवलेलंच नव्हतं. वडील वनखात्यात, आलापल्लीला. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाऱ्या सुतारभाऊंनी उरलेल्या शिवणीच्या तुकड्यातून ते तासून दिलं आणि चाकं नंदीचीच लावली. जेट त्यांनीही पाहिलं नव्हतं, मीही नाही. सागवानाच्या शेंड्यांवरून फार उंच एक पांढरी रेघ जायची. तिच्या टोकाला काय असेल ते आम्ही दोघांनी अंदाजानं ठरवलं. त्यामुळे आमच्या जेटला नाकावर पंखासुद्धा होता. ‘पंख्याबिगर हवेत राहीन कसं?’ या सुतारभाऊंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज गडचिरोलीच्या पोरांना हेलिकॉप्टरचं अप्रूप नाही. निवडणूक आली की भामरागड, एटापल्लीकडची मतदान पथकं त्यातूनच जातात. जेट मात्र तिकडे अजून रेघच आहे.

कॉलेजात असताना नागपूरहून पहिला प्लॅस्टिकचा संच आणला. चौकटीत अडकलेले करड्या रंगाचे सुटे भाग, एक घडीचा कागद आणि चिकटचित्रांची पट्टी. वडिलांनी खोका उलटसुलट करून पाहिला. ‘एवढे पैसे देऊन हे उडत बी नाही?’ नाही उडत. पण त्या चौकटीतला एकेक भाग कापताना, त्याची कड घासताना मला कळत गेलं की मिगच्या नाकात पंखा नसून एक शंकू असतो आणि त्याच्या भोवतीच्या फटीतून हवा थेट इंजिनात जाते. सुतारभाऊंना उत्तर मिळालं, पण फार उशिरा.

हा बहात्तरचा आकडा इंचाला सहा फूट या हिशेबातून आला. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे नुसत्या आकारावरून ओळखता यावं, म्हणून अमेरिकेनं शाळकरी मुलांकडून याच प्रमाणात लाकडी विमानं करून घेतली आणि ती काळी रंगवायला लावली. आमचं नंदीच्या चाकांचं जेट त्या परीक्षेत नापासच झालं असतं.

रंग मला शिकवला तो वडशाच्या एका पेंटरनं. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली. पडदा जवळून चांगला दिसला की ते नाराज व्हायचे. शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे आणि तिथून पाहून रंग ठरवायचे. मॉडेलचंही तेच आहे. अर्ध्या मीटरवरून मॉडेल पाहणं म्हणजे खरं विमान छत्तीस मीटरवरून पाहणं. मध्ये तेवढी हवा आली, की काळा काळा राहत नाही आणि हिरवा फिकटतो. डबीतला रंग तसाच मारला तर विमान खेळण्यातलं वाटतं. त्यात थोडा पांढरा टाकावा लागतो. शिवाय थर पातळ हवा. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि चार हातांत चढवायचा, कारण एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या पत्र्यावर सात मिलिमीटरचा गिलावा.

मिगचं वेड मात्र गेलं नाही. १९६३ साली हे विमान हवाई दलात आलं, पुढे आपल्या ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. मला आवडतं ते तिथलं जुनं, टाइप ७७. त्याच्या वैमानिकाच्या डोक्यावरची काच अख्खी पुढच्या बाजूला उघडते. पोटात तोफ नव्हती, म्हणून १९७१च्या युद्धात खाली वेगळी तोफ टांगली होती. ती मी प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून कोरली. नाकापुढची लांब नळी इंजेक्शनच्या सुईची. नाकात वजन नसलं तर मॉडेल शेपटावर बसतं, म्हणून शंकूच्या पोकळीत गळाला लावायची शिशाची गोळी कोंबली.

आणि रंग? युद्धाच्या वेळी या विमानांवर घाईघाईत हिरवे-तपकिरी पट्टे चढवले, तेही स्क्वॉड्रनागणिक वेगळे. त्याआधी ती नुसती चकचकीत पत्र्याची होती. मॉडेलवाल्याची खरी कसोटी त्या पत्र्यात असते. आधी आरशासारखा काळा थर, त्यावर ॲल्युमिनियमचा धूर बसवावा तसा पातळ हात, मग एकेक पत्रा जरा वेगळ्या छटेचा, इंजिनाकडचे जरासे भाजलेले. या चमकेत एक कणही लपत नाही.

मे महिन्यात ४५-४६ अंशांत फवारलेला रंग हवेतच वाळतो आणि भुकटी होऊन बसतो. कूलर लावावा तर ओलावा. पावसाळ्यात लॅकर दमट हवेनं पांढुरकं पडतं. हवा धुतलेलीही आहे आणि कोरडीही, असे दिवस चंद्रपूरला पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतच मिळतात, आणि नेमके तेव्हाच घरोघर चुन्याचे डबे निघतात. बायकोच्या मते रंगकाम म्हणजे भिंतींचं. तिचंही खरंच आहे.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१नं निरोप घेतला. ऐन नवरात्र होतं. शेवटच्या उड्डाणात ‘पँथर्स’ स्क्वॉड्रनची विमानं होती. दसऱ्याला एअरब्रशला हळदकुंकू वाहताना मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता शेवटचंच करा ना, ते राखाडी बायसन.’ म्हणणं रास्त आहे. निरोप त्याचाच झाला. पण मी ओझरचं चकचकीत ७७च काढलं. धुतलेल्या हवेचे एवढेच दिवस हातात असताना ते राखाडीवर कोण घालवणार? बायसन मी मार्चमध्येही रंगवीन. त्यातली राख रंगाची किती आणि चंद्रपूरची किती, ते कुणाला कळणारही नाही.