उसनं देणं, उसनं घेणं

आमचा वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. २००० साली ते पहिलीत आलं, पण ‘बॉरो’ आणि ‘लेंड’चा घोळ काही मिटला नाही.

हुशार पोरंही लिहीत, ‘आय बॉरोड हिम माय पेन.’ मराठीत शब्द एकच, उसनं. दिलं की घेतलं ते पुढच्या क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच! (जर्मन भाषेचं आपल्यासारखंच, एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं.) मी सांगत असे, मागाहून ‘फ्रॉम’ येतो तो बॉरो, ‘टू’ येतो तो लेंड.

आपला एक फरक मात्र इंग्रजीत नाही. शेजारून वाटीभर साखर उसनी आणतात, साखरच परत करतात. तिला कुणी कर्ज म्हणत नाही. ‘बॉरो’ला साखर काय नि बँक काय, सारखंच.

हल्ली गावातली माणसं कर्जाचे इंग्रजी कागद घेऊन येतात. ‘बॉरोअर’, ‘लेंडर’. मी म्हणतो, ऋणको आणि धनको. "सर, हे त अजूनच कठीण हाय!" मग सांगतो, घेणारा तू, देणारी बँक.

तिसरी जागा ‘गॅरंटर’ची. तिथे सहीसाठी चुलतभावाला सोबत आणलेलं असतं. त्याला वाटतं आपण नुसते साक्षीदार. बाबा रे, तू घेतलं नाहीस, दिलं नाहीस, पण यानं थकवलं तर फेडावं तुला लागेल. हे आधी सांगतो, चहा नंतर.