नजरेचं शिक्षण

"ताई, किती दिवसांत हात बसेल?"

मोटार शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी हे विचारतो. नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलगी विचारते, पन्नाशीतल्या काकू विचारतात, निवृत्तीनंतर पहिली गाडी घेणारे काकाही विचारतात. हात लवकर बसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी खासगी मोटारीच्या प्रशिक्षणाला किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास ठरवून दिले आहेत. तेवढ्या वेळात हाफ क्लच जमतो, चढावर गाडी मागे न येता उचलता येते, रिव्हर्सही सरळ जातो. मग आरटीओच्या ट्रॅकवर परीक्षा होते, पक्कं लायसन्स घरी येतं आणि शिक्षण संपलं असं सगळे धरून चालतात.

माझ्या मते खरं शिक्षण तिथून सुरू व्हायला हवं. माणसाचा जीव वाचतो तो डोळ्यांनी काय टिपलं आणि पुढच्या चार सेकंदांत काय घडेल हे ओळखलं का, यावर. हातापायांना ते समजत नाही. आणि नजर शिकवण्याची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

मी शिकवते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बोलत गाडी चालवणं. शिकणाऱ्यानं जे दिसतंय ते मोठ्यानं सांगत जायचं. "पुढे पीएमपीची बस थांब्यावर उभी आहे, पुढून कुणीतरी पळत येईल. डावीकडच्या रिक्षाचं पुढचं चाक वळलेलं आहे, ती निघणार. त्या उभ्या गाडीत ड्रायव्हर बसलेला दिसतोय, दार उघडेल." सुरुवातीला लोकांना लाज वाटते. मग आपण किती कमी पाहत होतो हे त्यांच्या लक्षात येतं. तोंड थांबलं की नजर बॉनेटवर आली हे मला शेजारी बसून कळतं. ही पद्धत ब्रिटनमधल्या पोलिसांच्या चालक प्रशिक्षणात बऱ्याच वर्षांपासून रुळली आहे. तिथं 2002 पासून लायसन्सच्या लेखी परीक्षेला एक जोड आहे: उमेदवाराला रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि धोका तयार होऊ लागला की लगेच बटण दाबायचं असतं. आपल्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत 15 प्रश्न असतात, 9 बरोबर आले की पास. चिन्हं आणि नियम पाठ असायलाच हवेत, पण बसमागून पळत येणाऱ्या मुलाच्या अंगावर चिन्ह नसतं.

साधा हिशेब मी पहिल्याच आठवड्यात करायला लावते. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. समोर काही आडवं आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो, म्हणजे 17 ते 25 मीटर गाडी तशीच पुढे गेली. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी 20 मीटर तरी हवेत, पावसात त्याहून बरेच जास्त. मोबाइलवर कुणाचा फोन आलाय हे दोन सेकंद पाहिलं, की 33 मीटर रस्ता न बघता कापला. हे आकडे फुटपाथवर पावलांनी मोजायला लावले की कुणी विसरत नाही.

तरुणांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती मोटार 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड ही तरतूद 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. तरीही क्लासला जायचं म्हणून सोळाव्या वर्षी स्कूटरची किल्ली हातात ठेवणारी घरं मला गल्लोगल्ली दिसतात. त्या वयाला कायदा 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी तेवढी देतो. घरातली स्कूटर त्यात बसत नाही.

अठरा पूर्ण झाले म्हणून धोका संपत नाही. नव्या चालकाला सगळ्यात जास्त धोका असतो तो एकट्यानं चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. न्यूझीलंडनं 1987 मध्ये यावर टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. तिथं मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी काढता येत नाही, मित्रांना बसवता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, पण घरात हा नियम करायला कुणी अडवलेलं नाही. पहिलं वर्षभर मागच्या सीटवर मित्रांची टोळी नको, रात्रीची लोणावळा ट्रिप नको. काही पालक मला म्हणतात, मुलाला गाडी घसरली तर सावरायची कशी ते शिकवा. नॉर्वेत 1980 च्या दशकात असं शिक्षण दिल्यावर तरुण मुलांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. सावरता येतं या भरवशावर मुलं वेग वाढवतात. मी तो वेळ पावसात अंतर ठेवून चालवायला शिकवण्यात घालवते.

दुचाकीबद्दल एवढंच: 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती. पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि तो चुकीचा आहे. ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची ताकद तिथेच जास्त असते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावायचे आणि हँडल सरळ ठेवायचं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला नसेल तर पडताना ते डोक्यावर राहत नाही.

आता घाट. महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला तो चुकत नाही, आणि बहुतेक प्रशिक्षणात मात्र तो येतच नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला, रविवारी रात्री, तिथं एका अवजड वाहनानं पुढच्या अनेक गाड्यांना ठोकरलं. त्या उतारावर अपघात पुन्हा पुन्हा होतात आणि कारणांत एक गोष्ट वारंवार येते: डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं, काही वेळा इंजिनच बंद करणं.

असं केल्यावर काय होतं ते समजून घ्यायला हवं. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये तो आधार सुटतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. सतत दाबून ब्रेक तापतात, लायनरची पकड कमी होते, पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबेनाशी होते. ट्रकचं इंजिन बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसरही थांबतो. मग टाकीतली हवा प्रत्येक दाबाला कमी होत जाते. मोटारीतही इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. आणि डिझेल तरी वाचतं का? आजच्या इंजेक्शन इंजिनात गिअरमध्ये असताना अॅक्सिलेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. जुने एसटी ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. त्यात आजही काही बदलण्यासारखं नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे.

मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल मला वाद घालावा लागतो, विशेषतः ज्येष्ठ पुरुषांशी. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता बसलेले असताना. पट्टा न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढे बसलेल्याचाही जीव धोक्यात घालतो.

वयस्कर चालकांकडे आपण फारच कमी लक्ष देतो. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, पण अनेकदा ते सहीपुरतं उरतं. मोतीबिंदू हळूहळू वाढतो, समोरच्या गाडीच्या अप्पर लाइटनं दिपलेले डोळे सावरायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो, मान पूर्ण वळत नाही, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग जोखणं हे या वयात सर्वांत कठीण जातं. जपानमध्ये 75 नंतर परवाना टिकवायला स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. आपण निदान घरात बोलायला हवं. पण "बाबा, आता किल्ली द्या" असं सगळ्यांसमोर म्हणू नका. गाडी गेली की त्यांची बँक, भाजी, मित्रमंडळी, सगळंच जातं. आधी नेत्रतपासणी, मग रात्रीचं चालवणं बंद, मग फक्त ओळखीचे रस्ते, असे टप्पे त्यांच्याशी बोलून ठरवता येतात. ऑटोमॅटिक गाडी घेतली असेल तर डावा पाय पूर्ण बाजूला ठेवायची सवय कुणाकडून तरी शेजारी बसवून करून घ्या, कारण दोन पायांच्या गोंधळात ब्रेकऐवजी अॅक्सिलेटर दाबला जातो.

पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी येणार असेल आणि कुणी शिकणार असेल, तर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे का? 10 तास खरोखर चालवायला मिळणार का? रात्री, पावसात आणि घाटात नेणार का? यांतल्या एकालाही नकार आला, तर दुसरं स्कूल शोधा.