लेकरांनी मागितलेली पोचपावती

मोठेपणी कोण होणार, हा प्रश्न मी मुलांना विचारत नाही. त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं. पोलीस, फौजी, नर्स, फार तर कलेक्टर. विचारणाऱ्याला बरं वाटतं, टाळ्या होतात आणि विषय तिथेच मिटतो. मी विचारते ते कालच्या दिवसाबद्दल. उठलीस केव्हा, पाणी कुणी आणलं, जेवलीस कुठे बसून, भीती कधी वाटली, हसू कधी आलं.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबरोबर मी हे काम करते. उन्हाळा सुरू होताना टोळ्या परत येतात, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर आम्ही खडू घेऊन बसतो. गुरुजी नाहीत, सरपंच नाहीत, आईबापही नाहीत. मुलगे एका टोकाला, मुली दुसऱ्या टोकाला, कारण एकत्र बसवलं की मुली बोलत नाहीत. प्रत्येकाने आपला फडावरचा दिवस चौकटी-चौकटीने काढायचा.

सातवीतल्या एका मुलीच्या चौकटी मला विसरता येत नाहीत. पहिल्या चौकटीत अंधार, कोपीपुढे पेटलेली चूल आणि भाकरी थापणारी ती. आई-वडील पहाटे तीन-चारला फडात जातात, त्याच्या आधीची ही वेळ. पुढे पाणी भरणं, भांडी, वाढे बांधणं, संध्याकाळी परत चूल. सगळ्या चौकटींत ती वेगवेगळं काम करत होती, पण एक गोष्ट बदलत नव्हती. तिच्या कडेवर लहान भाऊ होता. अगदी झोपेच्या चौकटीतही.

मी विचारलं, तिथे जवळ शाळा होती का?

"होती की. न्यायला गाडी बी यायची. पण ह्याला कुठं ठिवू?"

ऊसतोड मुलांच्या शिक्षणावर आपल्याकडे बरीच वर्षं काम चाललं आहे. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. या प्रत्येक उपायामागे लोकांची खरी तळमळ आहे. पण ही मुलगी जे सांगत होती ते यातल्या कशातच बसत नव्हतं. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा आहे आणि तिची अडचण दोन वर्षांची होती. भावासाठी फडाजवळ अंगणवाडी किंवा पाळणाघर असेल, तर तिला शाळा आहे. तिच्या शाळेची किल्ली दुसऱ्याच खात्याकडे आहे, हे तिने एका वाक्यात सांगितलं.

गावात मागे राहिलेल्या मुलांचं म्हणणं वेगळं होतं. हंगामी वसतिगृह म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते, पण बऱ्याच गावांत मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला आजीकडे नाहीतर चुलत्याकडे जातात. जेवणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचं बोलणं रात्रीबद्दल होतं. आजीला ऐकू येत नाही, परसाकडे जाताना वाटेवर दिवा नाही, संडास आहे पण आतून कडी लागत नाही. आणि आईचा फोन. तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "रोज नगं. रविवारीच करा. पण नक्की करा." फोन येणार की नाही याची वाट बघण्यात त्याचा आठवडा जायचा. त्याला ठरलेला दिवस हवा होता. ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कुणाला हे आपणहून सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

फडावरून परतलेल्या मुलग्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आल्यावर पहिल्या दिवशी सगळ्या वर्गासमोर वाचायला उभं करू नका. आधी चार दिवस बसू द्या.

मुलींच्या टोकाला बोलणं लग्नावर आलं, आवाज खाली गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडचा आकडा 40 टक्क्यांच्या वर होता. कारणांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मिळते ती जोडीवर. मुली मात्र त्याच्या एक पायरी आधीपासून सांगत होत्या. सातवीपर्यंत शाळा गावात, आठवीची शाळा डोंगराखाली. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. चालत यायचं तर अंधार पडतो. मग शाळा सुटते. मग सहा महिने तरणी पोरगी म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर कशी ठेवायची, हा घोर आईबापांना लागतो. मग पाहुणे येतात. चौदा वर्षांच्या एका मुलीने हे सगळं बोटांवर मोजून सांगितलं आणि म्हणाली, "गाडी तासभर उशिरा निघाली ना, तर आमच्यातल्या दोघी-तिघी तरी दहावीला जातेत." बालविवाह थांबवण्यासाठी भाषणं, पथनाट्यं, शपथा यांत मीही सामील झालेली आहे. एसटीच्या वेळापत्रकाकडून सुरुवात करावी असं तिथे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं, की मुलांशी संबंधित प्रत्येक बाबीत त्यांना आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारताने हा करार 1992 मध्ये मान्य केला. बेलफास्टच्या प्राध्यापक लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये या कलमाचा अर्थ उलगडून चार गोष्टी सांगितल्या: बोलायला जागा, बोलण्यासाठी मदत, ऐकणारं योग्य माणूस आणि बोलण्याचा काही परिणाम. मला या चारांतली शेवटची सर्वांत अवघड वाटते. व्हरांड्यात खडू घेऊन बसणं सोपं आहे. ग्रामसभेत ते वजन कुणी द्यायचं?

1 मेच्या ग्रामसभेआधी आम्ही काय मांडायचं ते मुलांनीच ठरवलं. त्यांनी दोन याद्या केल्या. एक सगळ्यांपुढे बोलायची. दुसरी फक्त बाई सदस्यांना आणि अंगणवाडीताईंना सांगायची. सभेला मुकादम येतात, ज्यांच्याकडून घरची उचल घेतलेली असते त्यांच्यासमोर लग्नाचा विषय काढला तर त्रास घरच्यांना होईल, हे मुलींना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. मुलांना बोलतं करायला निघालेल्या प्रत्येकाने हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. काय बोलायचं नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावं.

सभेत एक आजोबा म्हणाले, "लेकराला काय कळतंय?" पाचवीतली मुलगी कागद घेऊन उभी होती. ती म्हणाली, "संडासाची कडी आतून लागत न्हाई, एवढं कळतंय." पुढे कुणी काही बोललं नाही. कडी आणि वाटेवरचा दिवा त्याच सभेत मंजूर झाला. शाळेने रविवारच्या फोनची जबाबदारी घेतली आणि पुढच्या हंगामात ती बऱ्यापैकी पाळली. वाचायला उभं न करण्याचं गुरुजींनी कबूल केलं. एसटीसाठी ठराव झाला, आगाराला पत्र गेलं, वेळ बदलली नाही. फडावरच्या पाळणाघराचं काही झालं नाही. तो फड दुसऱ्या जिल्ह्यातला, कारखाना दुसऱ्या माणसांचा, आणि इथली ग्रामपंचायत तिथे काही करू शकत नव्हती.

सभेचं काय झालं ते मी जून महिन्यात मुलांना परत जाऊन सांगितलं. झालेलं आणि न झालेलंही. न झालेलं सांगताना माझा आवाज जड झाला होता, पण मुलं रडवेली झाली नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले. पत्र कुणाच्या नावानं दिलं? तारीख काय? घेतल्याची सही हाय का? पोचपावती बघायची आहे म्हणाली. मी ग्रामसेवकांकडून तिची झेरॉक्स आणून दिली. ती त्यांनी वहीत चिकटवली आणि तिच्याखाली लिहिलं, की दिवाळीच्या सुट्टीआधी परत पत्र द्यायचं.

त्यावर सहावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, दिवाळीला आमी कुठं असतोय?"

तिथून पुढची अर्धी चर्चा त्यानेच चालवली. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. बालदिन 14 नोव्हेंबरला. ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड बांधून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात निघतात. आराखड्यात मुलांसाठी पैसे कुठे टाकायचे हे ठरतं, तेव्हा यांच्यातलं कुणी विचारायला गावात नसतं. शेजारच्या कर्नाटकात 2006 पासून मुलांच्या ग्रामसभा सरकारी आदेशाने भरतात. आपल्याकडे बालसभा भरवायची म्हटली तर अशी मोसमी गावं डोळ्यांपुढे ठेवून तिची तारीख धरावी लागेल.

आमच्या गावात ती आता पोळा झाल्यावर, गणपती बसायच्या आत भरते. सरपंचांनी तसं लेखी दिलं आहे. त्या कागदावरही मुलांनी शिक्का मारून घेतला. पहिल्या सभेचा पहिला विषय संध्याकाळच्या एसटीचा होता. आगाराला दुसरं पत्र गेलं आहे, आणि या वेळी त्यावर आठवीतल्या मुलींच्या सह्या आहेत.