गळ्यातली टेप

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

दवाखान्यात जाऊन आले. वजन ७१ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "याला अजून मधुमेह म्हणत नाहीत. साडेसहाला पोचलात की म्हणतील." गोळी दिली नाही. तीन-चार किलो उतरवा आणि तीन महिन्यांनी या, एवढंच सांगितलं.

कमरेचा घेर विचारला तेव्हा मला सांगता आला नाही. अख्ख्या सोलापुरातल्या शाळांच्या गणवेशांची मापं माझ्या हातून जातात, दिवसभर गळ्यात टेप असते, पण स्वतःच्या कमरेला ती कधी लावली नव्हती. घरी येऊन लावली. ३८ इंच. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा म्हणतात, म्हणजे साडेएकतीस इंच. ब्लाउज घट्ट झाला की मी आतली माया उसवायची आणि पुढे चालायची. जांभळ्या ब्लाउजची माया केव्हाच संपलीय, आता उसवायला काही उरलेलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार

किराण्याचा महिन्याचा हिशेब काढून बसले. साडेचार हजारांच्या वर एक रुपया जाता कामा नये, लेकीच्या बारावीच्या क्लासचा हप्ता आहे.

लेकीने फोनवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ सालची आहारसूत्रं वाचून दाखवली. दोन हजार कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. मग आम्ही दोघींनी आमच्या घरचं काढलं. तेल महिन्याला पाच लिटर, म्हणजे साडेचार किलो. चौघांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम. डाळ आणि कडधान्य मिळून अडीच किलो, म्हणजे माणशी २१ ग्रॅम. भाजी दिवसाला सहाशे ग्रॅम आणली तरी एकेकाच्या वाट्याला दीडशे. जे जास्त हवं ते कमी, जे कमी हवं ते जास्त.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. त्या धान्यावर आमचं घर उभं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण गहू-तांदूळ घरात भरपूर आणि डाळ विकतची, म्हणून भात वाढताना हात सैल सुटतो आणि वरण पाण्यासारखं होतं. पोट भरलं की जेवण झालं, असंच आम्ही धरून चाललो.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

शेजारणीने वजन उतरवायची पावडर आणलीय, डब्याला तीन हजार. मला घेता येणार नाही, म्हणून मी सोपा मार्ग धरला. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी, रात्री काहीच नाही. आज तिसरा दिवस. इथल्या गड्ड्याच्या यात्रेत घालायच्या बाराबंद्या शिवायची घाई चालली आहे. बंद लावता लावता डोळ्यांपुढे अंधारी आली, सुई बोटात गेली आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडला. ते कापड माझ्या पैशाने भरून द्यावं लागणार.

घरातल्या आत्यांनी गूळ-पाणी दिलं. मग जवळ बसून ताकात भाकरी कुस्करून खायला लावली. "उपाशी राहून कमर जात नाही गं पोरी, आधी रक्त जातं," म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. चाळीस वर्षं विड्या वळल्या त्यांनी, उपास म्हणजे काय ते मला सांगायचा त्यांना अधिकार आहे.

५ जानेवारी, रविवार

तेलाचं ठरवलं. महिन्याला तीनच लिटर. दर रविवारी एका बाटलीत सातशे मिली काढून ठेवायचं, ते आठवडाभर पुरवायचं. आज पिठलं केलं तेव्हा पहिल्यांदा चमच्याने मोजून तेल घातलं. चार चमचे. एरवी मी बरणी तिरकी करायची आणि कढईकडे बघायची.

दोन लिटरचे साधारण २८० रुपये वाचणार. त्यातून एक किलो मटकी, अर्धा किलो हरभरे आणि उरलेल्यात सोयाच्या वड्या आल्या. आमच्या घरी अंडं चालत नाही, त्यामुळे आमची सगळी भिस्त यांच्यावर. शंभर ग्रॅम मटकीत २३-२४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तिला लागतात तेरा रुपये. मुलांच्या हातात आपण ठेवतो त्या कुरकुऱ्यांच्या दोन-तीन पुड्यांचे पैसे.

थंडीत मोड लवकर येत नाहीत. रात्रभर भिजलेली मटकी बाराबंदीच्या उरलेल्या मांजरपाटात बांधली, डब्यात ठेवली आणि डबा जुन्या चादरीत गुंडाळून गॅसच्या ओट्याखाली सरकवला.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी फडकं सोडलं तर ते आतून उबदार लागलं. मोड फडक्याच्या विणीतून बाहेर आले होते, ओढून सोडवावे लागले. अर्ध्या पेरापेक्षा मोठे. वाटीभर मटकीचं पातेलंभर झालं. कांदा, टोमॅटो, लिंबू. दोन चमचे तेल. लेकीने मागून घेतली.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरं, वर तिळाचं कूट. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाजी चिरून झाल्यावर सहज वजन केलं, दीड किलो भरली. माणशी पावणेचारशे ग्रॅम! पोषण संस्था सांगते जवळजवळ तेवढं वर्षातून एकदा का होईना, आमच्या घरात आपसूक होतं. आणि खर्च नव्वद रुपये, कारण या दिवसांत ही सगळी भाजी स्वस्त असते. ज्या भाजीचा मंडईत ढीग लागलाय तीच घ्यायची, हे आत्या कायम सांगत आल्या. मी मात्र जानेवारीत भेंडी आणायची, कारण ती पटकन होते.

१४ जानेवारी, संक्रांत

यात्रेतले सातही नंदीध्वज डोळे भरून पाहिले. जाता-येता पायीच. माझ्या हातच्या दोन बाराबंद्या गर्दीत ओळखल्या.

२२ जानेवारी, बुधवार

वजन ७०.४. तेल कमी, साखर अर्धी, चहा दोनदाच, रोज अर्धा तास चालणं, आणि तरी एवढंच. म्हणून गेले तीन दिवस एक केलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझ्या पोटात जे जातं ते लिहून ठेवलं.

सोमवार : लेकीच्या ताटातला भात, पाऊण वाटी. एक चपाती. मंगळवार : दीड चपाती, बटाट्याची उरलेली भाजी, खालचं तेल पुसून. आज : भात एक वाटी, सकाळची शिळी चपाती.

हे माझ्या जेवणाशिवायचं. मी ते जेवणात कधी धरलंच नव्हतं. अन्न टाकवत नाही, पैशाने आणलेलं असतं. म्हणून शेवटी जेवायला बसणारी बाई ते संपवते, आणि उसळ मात्र तिच्या वाट्याला येईपर्यंत पातेल्याच्या तळाशी गेलेली असते. वजन माझं वाढतं आणि अशक्तपणाही मलाच, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं.

रात्री यांना वही दाखवली. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "उद्यापासून तू आमच्याबरोबर बस. लागेल ते आम्ही उठून घेऊ." ठरलं. उसळ आधी चार वाट्यांत वाढायची, पातेलं मध्ये ठेवायचं नाही. तांदूळ वाटीने मोजून शिजवायचा. उरलंच तर सकाळी त्यालाच फोडणी द्यायची आणि तोच सगळ्यांचा नाश्ता. त्यावर नवं काही करायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आत्यांकडून पातळ भाकरी शिकतेय. माझी जाड होते आणि कडेला चिरते. त्यांनी पीठ चिमटीत धरून पाहिलं. "विरी गेलीय. महिन्याचं एकदम दळून आणतेस, भाकरी कशी वळेल?" आता ज्वारी पाच-पाच किलोच दळायची. उकळतं पाणी, काठवटीच्या कडेला तळहाताने पीठ मळणं, मग बोटं पसरून थापणं. विड्या वळून त्यांची बोटं वाकडी झालीत, पण भाकरी फिरते गोल.

ज्वारी खाल्ली की वजन उतरतं असं सगळे म्हणतात. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीनेही वाढेल. माझी दीडवर आली, कारण बरोबर वाटीभर उसळ आणि पालेभाजी आहे, नंतर भूक राहत नाही.

थापताना त्यांच्या दंडावरून पदर सरकला. मी टेप काढून लावली. साडेआठ इंच. त्यांनी हात मागे घेतला. एकाच चुलीवरचं जेवतो आम्ही दोघी. माझ्याकडे बघून मी सगळ्यांचंच तेल-तूप तोडत बसले होते. दात नाहीत म्हणून मटकी त्यांना चावत नाही, हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उद्यापासून त्यांच्यासाठी मुगाची मऊ खिचडी, वर तूप, आणि रात्री कपभर दूध वेगळं. शेंगदाण्याचं कूटही त्यांच्या भाजीत जास्त.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

साबुदाणा केला नाही. रताळी उकडली, मूठभर भाजके शेंगदाणे, ताक, कवठाची चटणी. लेक खूश नव्हती. तिच्यापुरती वाटीभर खिचडी उद्या करेन, तिची परीक्षा चालू आहे.

२८ मार्च, शुक्रवार

आत्यांना बरोबर नेलं. रक्त दिलं, साखरेचा कागद उद्या मिळेल. वजन ६७.५. कंबर ३५ वर दोन सूत. महिन्याचा किराणा ४,४२० रुपये.

मग आत्यांना काट्यावर उभं केलं. डिसेंबरात घरी आणलेल्या काट्यावर त्या ४१ होत्या, पण दवाखान्याचा काटा खरा. त्यांनी चपला काढल्या, बांगड्याही काढायला लागल्या. डॉक्टरबाईंनी थांबवलं. काटा जरा हलला आणि ४२ वर थांबला. "माझं वाढलं का गं?" त्यांनी घाबरून विचारलं. मी त्यांचा हात धरून खाली उतरवलं आणि सांगितलं, हो, वाढलं.